एरिसवरचीं मुलें

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गाला मीं निबंधासाठीं एक विषय दिला होता : ‘सूर्यमालेच्या टोंकावरील वसाहत.’ विषय मुलांच्याच आग्रहावरून दिला, हें आधींच कबूल करतों. अंतराळांतील वसाहतींच्या इंग्रजी कादंबऱ्या सध्यां वर्गांत हातोहात फिरत असतात, आणि बाकाखालीं काय उघडें आहे हें शिक्षकाला दिसत नाहीं, अशी समजूत बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा अद्यापि खंडित झालेली नाहीं. तेव्हां चोरून वाचण्यापेक्षां उघडपणें लिहा, असें म्हणून विषय दिला. बेचाळीस निबंध आले. बहुतेकांनीं वसाहतीसाठीं एरिस हा बटुग्रह निवडला होता. कारण काय, तर तो फार दूर आहे.

निबंध वाईट नव्हते. कांचेचे घुमट होते, अणुशक्तीचे कारखाने होते, बर्फावरून धांवणाऱ्या गाड्या होत्या, आणि तोफा-बंदुका तर हव्या तेवढ्या होत्या. परंतु बेचाळीस निबंधांपैकीं एकांतहि रांगतें मूल नव्हतें. शाळा नव्हती. म्हातारें माणूस नव्हतें. कोणी मेलें तर त्याला कोठें पुरावें, हाहि प्रश्न कोणाला पडलेला नव्हता. मुलांनीं मुलांनाच वगळावें याचें मला नवल वाटलें. मग ज्या पुस्तकांवरून त्यांनीं हीं चित्रें उचललीं तीं पुस्तकें मीं मागून घेतलीं आणि रात्रीं जागून चाळलीं. दोष मुलांचा नाहीं असें तेव्हां ध्यानांत आलें. वसाहत वसविणाऱ्या थोरांनींच आपल्या वसाहतींत पाळणा टांगलेला नाहीं. क्वचित् टांगला असला तर तो शोभेपुरता. या लेखांत मला तेवढ्याच गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. पण त्यासाठीं तो ग्रह कसा आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

एरिसचा शोध ५ जानेवारी २००५ रोजीं लागला. अमेरिकेंतील पालोमार वेधशाळेंत २१ ऑक्टोबर २००३ रोजीं घेतलेलीं छायाचित्रें पुन्हा तपासतांना माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ या तिघांना ताऱ्यांमधून अत्यंत मंद गतीनें सरकणारा एक ठिपका दिसला. म्हणजे सव्वा वर्षाच्या सुमारास तो चित्रांत बसूनच होता. पाहणाऱ्याचें लक्ष तेवढें गेलें नव्हतें. तो प्लुटोहून मोठा असावा असा आरंभीं अंदाज झाला, आणि वर्तमानपत्रांनीं त्याला दहावा ग्रह म्हणून जाहीर करून टाकलें. त्यावरून विद्वानांत वाद माजला कीं, मुळांत ग्रह म्हणावें तरी कशाला? अखेर २४ ऑगस्ट २००६ रोजीं प्राग येथें आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें मतें घेऊन ग्रहाची व्याख्या ठरविली, आणि प्लुटो, एरिस व सीरीस या तिघांना बटुग्रहांच्या पंगतीला बसविलें. दहावा मिळण्याऐवजीं नववाहि हातचा गेला! पुढल्याच महिन्यांत या नव्या गोलकाला एरिस हें नांव मिळालें. ग्रीक पुराणांत एरिस ही कलहाची देवता आहे. लग्नाचें बोलावणें आलें नाहीं म्हणून तिनें सर्वांत सुंदर स्त्रीसाठीं म्हणून सोन्याचें एक फळ मांडवांत टाकलें, आणि त्यांतून पुढें ट्रॉयचें युद्ध उद्भवलें. आपला कळलाव्या नारद तिच्यापुढें अगदींच सौम्य म्हणावयाचा. एरिसच्या उपग्रहाला डिस्नोमिया, म्हणजे ‘बेबंदशाही’, असें नांव आहे. हीं नांवें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

गंमत अशी कीं २०१० सालीं एरिस एका ताऱ्याच्या आड आला, त्यावरून त्याचा व्यास मोजतां आला, आणि तो २३२६ किलोमीटर निघाला. प्लुटोचा आहे २३७७. ज्याच्यामुळें प्लुटोचें पद गेलें तो आकारानें त्याच्याहून किंचित् लहानच ठरला. वस्तुमानानें मात्र तो सुमारें सव्वापट भारी आहे, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

आतां अंतर. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याच्या सुमारें ९६ पट दूर सध्यां एरिस आहे. किलोमीटरांत सांगावयाचें तर चौदाशें कोटींहून अधिक. आंकडे असे झाले म्हणजे त्यांचा अर्थ मनांत शिरत नाहीं, म्हणून दुसऱ्या रीतीनें सांगतों. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत येतो. एरिसपर्यंत पोंचावयास त्याला सुमारें सव्वातेरा तास लागतात. तेथल्या मुलानें पृथ्वीवरच्या आजीला बिनतारी यंत्रानें ‘कशी आहेस?’ असें विचारलें, आणि आजीनें क्षणाचाहि विलंब न लावतां ‘बरी आहें’ म्हणून सांगितलें, तरी तें उत्तर नातवाच्या कानीं पडेपर्यंत सव्वीस तास उलटून गेलेले असतील. तेवढ्या वेळांत आजी बरी असेलच असेंहि नाहीं.

मुलांनीं आपल्या निबंधांतून एरिसवर ‘काळाकुट्ट अंधार’ पसरविला होता. तें मात्र चूक आहे. अंतर शहाण्णवपट, म्हणून ऊन त्याच्या वर्गानें, म्हणजे नऊ हजारपटींहून अधिक, कमी. परंतु आपला सूर्य पौर्णिमेच्या चंद्राहून सुमारें चार लक्षपट तेजस्वी आहे. भागाकार करून पाहावा : एरिसच्या आकाशांतला सूर्य एखाद्या ठसठशीत ताऱ्यासारखा ठिपका दिसत असला तरी त्याचा उजेड चाळीसांहून अधिक पूर्णचंद्रांचा असतो. त्या उजेडांत पुस्तक सहज वाचतां येईल. त्यांतून जमीन गोठलेल्या मिथेनची, ताज्या चुन्याच्या भिंतीसारखी पांढरी. पडलेला बहुतेक सगळा प्रकाश ती परत फेंकते. म्हणजे एरिस हा अंधाराचा नव्हे, तर कायमच्या चांदण्याचा देश आहे. हें चित्र मला, खरें सांगावयाचें तर, फार मोहक वाटतें, आणि तेथें जाऊं इच्छिणाऱ्या मुलांचें मन मला कळत नाहीं असें कोणीं समजूं नये. फक्त त्या चांदण्यांत उष्णतामान शून्याखालीं सुमारें दोनशें चाळीस अंश असतें.

तेथला दिवस आपल्या जवळजवळ सोळा दिवसांचा आहे, आणि वर्ष सुमारें ५५९ वर्षांचें. मार्ग लांबट असल्यामुळें तो कधीं सूर्याच्या जवळ येतो, कधीं दूर जातो. पूर्वीं तो जवळ आला होता तो १६९८-९९ च्या सुमारास. छत्रपति राजाराम महाराज जिंजीहून महाराष्ट्रांत परतून औरंगजेबाच्या फौजांशीं झुंजत होते, तो हा काळ. अगदीं दूर गेला तो १९७७ च्या सुमारास, आणि पुन्हा जवळ येईल तो २२५७ च्या आसपास. जवळ म्हणजे तरी काय, पृथ्वीच्या अंतराच्या अडतीसपट, नेपच्यूनच्याहि पलीकडे. तेथें जन्मलेलें मूल सत्तर वर्षांचें होऊन मेलें तर तेथील पंचांगाप्रमाणें तें दीड महिन्याचें होऊन गेलें असें म्हणावें लागेल.

प्रवासाचीहि थोडी कल्पना देतों. ‘व्हॉयेजर १’ हें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं निघालें. सेकंदाला सतरा किलोमीटर अशा वेगानें तें चाललें आहे, आणि सूर्यापासून एरिस आज जितका दूर आहे तितकें दूर जावयास त्याला २८ वर्षें लागलीं. ‘न्यू होरायझन्स’ १९ जानेवारी २००६ रोजीं निघालें आणि १४ जुलै २०१५ रोजीं, साडेनऊ वर्षांनीं, प्लुटोपाशीं पोंचलें. पोंचलें म्हणजे शेजारून निघून गेलें. थांबण्यापुरतें इंधन त्याच्यापाशीं नव्हतें. इतक्या वेगानें गेलेल्या वस्तूला तेथें थांबविणें हें तिला तेथें पाठविण्याइतकेंच अवघड असतें, ही गोष्ट कादंबरीकार सहसा एका वाक्यांत उरकतात. असो. यंत्रें सुधारतील, वेग वाढेल. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. ‘हें अशक्य आहे’ असें म्हणणाऱ्यांचें पुढें हंसें होतें, आणि मला तें करून घ्यावयाचें नाहीं. शक्य झालें असें धरूनच मी पुढें बोलतों.

कादंबऱ्यांपैकीं दोहोंचा उल्लेख करतों, कारण त्या मला आवडल्या. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या १९८४ सालच्या ‘आइसहेंज’मध्यें प्लुटोच्या उत्तर ध्रुवावर बर्फाच्या प्रचंड शिळांचें एक वर्तुळ उभें असलेलें आढळतें, आणि तें कोणीं उभारलें यावर माणसें वाद घालतात. दूरच्या बटुग्रहाचा याहून सभ्य उपयोग माझ्या वाचनांत नाहीं : जावें, पाहावें, वाद घालावा आणि परत यावें. दुसरी मालिका जेम्स कोरी या नांवानें दोघा लेखकांनीं मिळून लिहिली. तिचा पहिला भाग २०११ सालीं निघाला. तिच्यांत सीरीस या जवळच्या बटुग्रहाच्या पोटांत साठ लक्ष माणसें राहतात. पायांखालीं वजन वाटावें म्हणून त्या गोलकाला भोंवऱ्यासारखा गरगर फिरविलेला आहे. येथें गणित थोडें लंगडें पडतें. सीरीसची त्रिज्या सुमारें ४७० किलोमीटर आणि त्याचें आकर्षण आपल्या पस्तिसाव्या हिश्शाइतकें; कथेंत सांगितलें आहे तेवढें वजन, म्हणजे आपल्या सुमारें तीनदशांश, आंत उत्पन्न करावयाचें तर त्याला दर चाळीस मिनिटांस एक फेरा दिला पाहिजे, आणि तसें केल्यास विषुववृत्तावरील दगड-मातीला बाहेर फेंकणारा जोर तिला धरून ठेवणाऱ्या आकर्षणाच्या अकरापट होईल. चिखल-बर्फाचा तो गोळा ओल्या मडक्यासारखा चाकावरून फुटून जाईल. परंतु या लेखकांना एक गोष्ट कळली आहे, म्हणून त्यांचे सर्व अपराध माफ. ती ही कीं, तेथें जन्मून वाढलेल्या माणसाचें शरीर बदलतें. त्यांच्या कथेंतील बटुग्रहांवरचीं माणसें उंच, किडकिडीत असून पृथ्वीवर आणल्यास स्वतःच्या वजनाखालींच कण्हूं लागतात. आणि त्यांचें हवा-पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी मुठींत असतें. बाकीचे कथालेखक घुमट बांधून मोकळे होतात. या दोघांनीं घुमटाखालीं राहणाऱ्याच्या हाडांचा विचार केला.

बंद घुमटांत माणसें ठेवण्याचा प्रयोग पृथ्वीवर झालेला आहे, आणि त्याची हकीकत प्रत्येक वसाहतवाल्या विद्यार्थ्यानें वाचावी. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत ऑरेकल गांवाजवळ तीन एकरांहून थोड्या अधिक जागेवर कांचेची एक प्रचंड इमारत उभारली आणि तिला ‘बायोस्फिअर २’ असें नांव दिलें. म्हणजे पहिलें जीवावरण ही आपली पृथ्वी, आणि दुसरें हें. आंत लहानसें अरण्य, लहानसा समुद्र, शेत, बकऱ्या, कोंबड्या, आणि चार पुरुष व चार स्त्रिया. २६ सप्टेंबर १९९१ रोजीं दारें लावलीं तीं बरोबर दोन वर्षांनीं उघडलीं. हवा, पाणी, अन्न, सर्व आंतल्या आंत फिरतें राहील अशी योजना होती. पण हवेंतील प्राणवायु हळूहळू कमी होऊं लागला. शेंकडा एकवीस होता तो सोळा महिन्यांत साडेचौदाच्या आसपास आला. म्हणजे सपाटीवर राहणाऱ्या त्या लोकांना तेरा-साडेतेरा हजार फूट उंचीच्या डोंगरावरची हवा मिळूं लागली. जिना चढतां चढतां दम लागे, रात्रीं झोंप मोडे. प्राणवायु गेला कोठें? शेतांत घातलेल्या कसदार मातींतील सूक्ष्म जंतूंनीं तो खाल्ला, आणि त्यांच्या उच्छ्वासाचा कर्बवायु इमारतीच्या काँक्रीटनें शोषून घेतला. हिशेबांत माती होती, झाडें होतीं, माणसें होतीं. भिंत मात्र धरलेली नव्हती. अखेर जानेवारी १९९३ मध्यें बाहेरून टांकींतून प्राणवायु आंत सोडावा लागला. फुलांवर बसून फळ धरविणारे बहुतेक कीटक मेले. मुंग्या आणि झुरळें तेवढीं सुखानें नांदलीं.

आणखी एक गोष्ट झाली. आठ माणसें, तींहि शिकलेलीं, निवडून घेतलेलीं, स्वखुशीनें आलेलीं. त्यांत वर्ष उलटण्यापूर्वींच चार-चारांचे दोन तट पडले, आणि एकमेकांशीं बोलणें कामापुरतें उरलें. कलहदेवतेला आमंत्रण लागत नाहीं. पण येथें ध्यानांत घेण्यासारखें हें आहे कीं, कांचेपलीकडे ॲरिझोनाचा डोंगर दिसत होता, दार लोटलें कीं हवा होती, आणि दोन वर्षांनीं घरीं जावयाचें होतें. एरिसवर टांकी घेऊन कोण येणार? आलेंच तर किती वर्षांनीं?

दूरच्या वसाहतीचें काय होतें याचा दुसरा दाखला इतिहासांत आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ९८५ च्या सुमारास, एरिक नांवाचा तांबड्या केंसांचा एक पुंड आइसलंडांतून हद्दपार झाला होता. पश्चिमेकडे त्याला बर्फानें झांकलेला एक विस्तीर्ण मुलूख सांपडला. नांव चांगलें असलें तर लोक येतील, असा विचार करून त्यानें त्याला ‘ग्रीनलंड’, म्हणजे हिरवा देश, असें नांव दिलें. (जाहिरातीची कला आजकालची आहे असें कोणीं मानूं नये.) लोक आले. शेतें झालीं, गुरें झालीं, देवळें बांधलीं, बिशप नेमला गेला. लोखंड आणि लांकूड नॉर्वेहून गलबतांनीं येई, त्याच्या बदल्यांत वॉलरसचे दांत जात. असें चारशें वर्षें चाललें. सप्टेंबर १४०८ मध्यें ह्वाल्से येथील दगडी देवळांत एक लग्न लागलें, त्याची नोंद आहे. त्यानंतर त्या वसाहतीची एकहि लेखी नोंद नाहीं. थंडी वाढली, दांतांचा व्यापार बसला, गलबतें येईनाशीं झालीं. कारणांचा ऊहापोह पंडित अद्यापि करीतच आहेत. १७२१ सालीं हान्स एगेडे नांवाचा धर्मोपदेशक आपल्या त्या दूरच्या बांधवांना शोधीत बायकोमुलांसह ग्रीनलंडला जाऊन उतरला. त्याला भिंती सांपडल्या, माणसें सांपडलीं नाहींत. जे भेटले ते इनुइट लोक. तेथल्याच बर्फावर तेथल्याच सीलच्या मांसावर आनंदानें जगणारे. एगेडे तेथें राहिला, त्यांची भाषा शिकला आणि त्यांना उपदेश करूं लागला.

यावर आमच्या संस्थेंतील एका सहकाऱ्यानें मला उलट प्रश्न टाकला, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. ते म्हणाले, “ज्या मिशनऱ्यांच्या परंपरेनें ही शाळा उभी राहिली ते तरी काय करीत होते? गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकेहून फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. महिनोगणती समुद्रप्रवास, घरचें पत्र यावयास अर्धें अर्धें वर्ष. हॉल १८२६ सालीं दौऱ्यावर असतां पटकीनें वारले. जुन्या दफनभूमींत मिशनऱ्यांच्या तान्ह्या मुलांचे दगड किती आहेत तें जाऊन मोजा. त्या मुलांना कोणीं विचारलें होतें? तुमच्या मतें त्यांनीं येऊं नये होतें?”

मी दोन दिवस याचा विचार करीत होतों. उत्तर मला असें सुचतें. ते लोक ओसाड जागीं आले नाहींत, माणसांत आले. येथें विहीर होती, ज्वारी-बाजरी होती, ताप आला तर काढा देणारी शेजारीण होती. भाषा शिकली कीं जग दुप्पट होत होतें. आणि त्यांचीं जीं मुलें वांचलीं त्यांना मोठेपणीं येथें राहावें कीं विलायतेस जावें, हें ठरवितां येत होतें. कांहीं राहिलीं, कांहीं गेलीं. एगेडेचेंहि तसेंच. आई-बापांनीं मुलांवर संकट ओढवून घेतलें, हें खरें. आणि त्या लहान दगडांसमोर उभें राहिल्यावर त्यांनीं तें बरोबरच केलें असें माझ्यानें म्हणवत नाहीं. पण त्यांनीं मुलांचें दार बंद केलें नव्हतें.

एरिसचें दार बंद होतें, आणि तें कोणी न लावतां होतें. तेथलें आकर्षण आपल्या बाराव्या हिश्शाइतकें आहे. साठ किलोचा गडी तेथें पांच किलोचा होईल. शाळेच्या मैदानावर उडी मारली कीं पहिल्या मजल्याच्या खिडकींत, असें मुलांनीं मोठ्या आनंदानें लिहिलें होतें. परंतु हाडें आणि स्नायु यांना रोजच्या ओझ्यानेंच बळ येतें. पृथ्वीभोंवतीं भारहीन अवस्थेंत राहणाऱ्या अंतराळवीरांचीं कमरेचीं व मांड्यांचीं हाडें, रोज व्यायाम न केल्यास, महिन्याला शेंकडा एक-दीड या प्रमाणांत झिजतात. तीं तर येथें वाढलेलीं, पुरतीं भरलेलीं हाडें. जें मूल आईच्या पोटांतूनच त्या हलक्या जगांत आलें, त्याच्या हाडांचें काय? आजवर पृथ्वीबाहेर एकहि मूल जन्मलेलें नाहीं. तेव्हां जो कोणी पहिलें मूल तेथें जन्माला घालील तो आपल्या मुलावर प्रयोग करील. त्या मुलाला विसाव्या वर्षीं समुद्र पाहावासा वाटला, आजीच्या गांवीं जावेंसें वाटलें, तर येथें उतरल्यावर त्याला उभेंहि राहतां येणार नाहीं अशीच भीति अधिक. आई-बाप कदाचित् परत येऊं शकतील. मुलाला येतां येणार नाहीं. हद्दपारीची शिक्षा न केलेल्या अपराधासाठीं, आणि तीहि जन्मण्यापूर्वीं!

म्हणून माझें मत असें आहे कीं, जाणत्या माणसानें स्वतःच्या जिवावर उदार होऊन वाटेल त्या ग्रहावर जावें. त्याला अडविणारा मी कोण? पण जेथून मुलाला कधींहि बाहेर पडतां येणार नाहीं तेथें मूल आणण्याचा अधिकार आई-बापांना नाहीं.

हें मीं वर्गांत बोलून दाखविलें तेव्हां मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवीं तासाला बोलत नाहीं, उठून म्हणाला, “सर, आम्हांला तरी येथें जन्माला येण्याआधीं कोणीं विचारलें होतें?” वर्ग हंसला. मीं हंसलों नाहीं, कारण मुलगा खरें बोलत होता. गांव, भाषा, धर्म, जात, वडिलांचें कर्ज, ही शाळासुद्धां, यांपैकीं कांहींच त्यानें निवडलेलें नाहीं. पुष्कळ पालक तर पुढलेंहि ठरवून ठेवतात : मुलगा डॉक्टर व्हावयाचा, मुलगी अमक्या घरीं द्यावयाची. या घरांतून घुमट नसतात. पण मुलांच्या बाजूनें पाहिलें तर दार तितकेंच घट्ट लागलेलें असतें. पालकांनीं माझ्यावर रागावूं नये. मी स्वतःहि बाप आहें, आणि माझ्याहि घरीं कांहीं दारें मीं लावून घेतलेलीं आहेत. तीं लावतांना मुलांच्या हिताचा विचारच माझ्या मनांत होता, जसा एरिसवर जाणाऱ्या बापाच्याहि मनांत असेल. त्या मुलाला मीं एवढेंच सांगितलें कीं, विचारलें नाहीं हें खरें, पण तूं चालत स्टेशनपर्यंत जाऊं शकतोस. तो खालीं बसला. त्याचें समाधान झालें असें मात्र मला वाटलें नाहीं.

हवेचा प्रश्न उरतोच. जेथें हवा यंत्रांतून येते तेथें यंत्राची किल्ली ज्याच्याजवळ तो राजा. गांवांत पाटलाशीं वांकडें आलें तर माणूस बिऱ्हाड मोडून दुसऱ्या गांवीं जातो. एरिसवर दुसरें गांव नाहीं. म्हणूनच डिस्नोमिया हें उपग्रहाचें नांव ठेवणाऱ्यांनीं नकळत फार चांगलें ठेवलें असें मला वाटतें : बेबंदशाही आणि जुलूम यांमध्यें तेथें फक्त एका झडपेचें अंतर राहील.

मग त्या चांदण्याच्या देशाकडे पाठच फिरवावयाची काय? मुळींच नाहीं. आजपर्यंत एकहि यान एरिसपाशीं गेलेलें नाहीं. सगळ्यांत मोठ्या दुर्बिणींतूनहि तो ठिपकाच दिसतो. तेथें यंत्र गेलेंच पाहिजे, आणि तें पाठविण्यांत आपल्या मुलांचा हात असावा अशी माझी फार इच्छा आहे. प्लुटोचा शोध क्लाइड टॉम्बॉ यांनीं १८ फेब्रुवारी १९३० रोजीं लावला; त्याला नांव सुचविलें तें ऑक्सफर्डमधील अकरा वर्षांच्या व्हेनिशिया बर्नी या शाळकरी मुलीनें, सकाळीं न्याहारीच्या टेबलावर आजोबांनीं वर्तमानपत्र वाचून दाखविलें तेव्हां. शहाऐंशीं वर्षांनीं नव्हे, पंचाऐंशीं वर्षांनीं, ‘न्यू होरायझन्स’ जेव्हां प्लुटोशेजारून गेलें तेव्हां त्याच्यावर धूळ मोजण्याचें एक उपकरण होतें. तें कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं बनविलेलें असून त्याला व्हेनिशियाचें नांव दिलेलें आहे. त्याच यानांत टॉम्बॉ यांची थोडीशी रक्षाहि आहे. ती मुलगी न्याहारीचें टेबल सोडून कोठें गेली नाहीं, आणि तिचें नांव मात्र सूर्यमालेबाहेर चाललें आहे.

बेचाळीस निबंधांना मीं गुण दिले. वह्या परत केल्या. पुढील वर्षाच्या वार्षिकासाठीं त्याच विषयाचा दुसरा भाग देत आहें. एरिसवर बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिचा जन्म तेथलाच. आपल्याला येथें कां आणलें, असें तिनें वडिलांना विचारलें आहे. वडिलांचें उत्तर पत्ररूपानें लिहावयाचें आहे; पांचशें शब्दांहून अधिक नको. निबंध दिवाळीच्या सुटीपूर्वीं मराठी विभागाकडे द्यावेत. या खेपेस पालकांनींहि लिहावें, अशी विनंती आहे. किंबहुना मुलांना वही देण्यापूर्वीं त्यांनींच आधीं लिहून पाहावें.